वाचक विचारतात : हवेत जायच्या आधीच विमान का भरकटतं?

फ्लाइट सिम्युलेटरबद्दल, म्हणजे संगणकावर विमान चालवण्याच्या खेळांबद्दल, आलेल्या बऱ्याच पत्रांत तक्रार एकच आहे. विमान हवेत गेलं की सांभाळता येतं, पण धावपट्टीवरचं पहिलं अर्धं मिनिट हाताबाहेर जातं. एकसारखी पत्रं एकत्र करून ही उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरमध्ये सेसना १७२ ला पूर्ण थ्रॉटल (इंजिनाची ताकद) दिला की विमान डावीकडे जातं. उजवा रडर (शेपटीवरची, नाक डावी-उजवीकडे वळवणारी फळी) दिला की एकदम उजवीकडे, मग परत डावीकडे. शेवटी गवतात. जॉयस्टिक नवी आहे. चूक कुठे होतेय?

डावीकडे जाणं हा बिघाड नाही, सिम्युलेटर नीट चाललाय याची ती खूण आहे. सेसनाचा पुढचा पंखा (प्रोपेलर) वैमानिकाच्या जागेवरून पाहिला तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरतो. त्याची प्रतिक्रिया म्हणून विमानाचं धड डावीकडे झुकू पाहतं, डाव्या चाकावर भार वाढतो आणि तिकडचं घर्षणही वाढतं. शिवाय पंख्यानं मागे फेकलेली हवा मळसूत्रासारखी धडाभोवती फिरत जाते आणि शेपटीच्या उभ्या पंखावर डावीकडून आदळते. शेपूट उजवीकडे ढकलली जाते, म्हणजे नाक डावीकडे. तिसरं कारण नाक उचलल्यावर सुरू होतं : पंख्याची चकती मागे कलते, खाली येणारं उजवीकडचं पातं जास्त ओढतं आणि नाक पुन्हा डावीकडे वळतं. म्हणून चाकं सुटण्याच्या बेतात असताना उजवा रडर थोडा वाढवावा लागतो. बहुतेक जण नेमका तेव्हाच तो सोडून देतात.

आता नागमोडी जाण्याचं कारण. रडरचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. २० नॉटला (नॉट हे वेगाचं माप) रडर जितका वळवून काही होत नाही, तितकाच तो ६० नॉटला ठेवला तर हवेचा जोर नऊपट असतो. सुरुवातीला पुढच्या चाकाची आणि पंख्याच्या हवेची मदत असते, त्यामुळे प्रत्यक्षातला फरक इतका सरळ नसतो, पण दिशा तीच. वेग वाढेल तसा रडरचा कोन कमी करत न्यायचा. दुसरं म्हणजे नाक मधल्या रेघेवर परत येण्याची वाट पाहत रडर धरून ठेवायचा नाही. नाक परत वळायला लागलं, की ते पोचण्याआधीच रडर काढायला घ्यायचा. पोचल्यावर काढला तर उशीर झालेला असतो आणि विमान रेघ ओलांडून पलीकडे जातं.

क्रम असा ठेवा. धावपट्टीवर वळून आल्यावर पाच-दहा मीटर सरळ पुढे जा, म्हणजे पुढचं चाक सरळ होतं. ते वाकडं असतानाच थ्रॉटल दिला तर पहिला झटका तिथूनच बसतो. एलेव्हेटर ट्रिम (नाक वर-खाली करणाऱ्या फळीची ठरवून ठेवलेली बैठक) टेकऑफच्या खुणेवर आणा. फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या, खाली वळणाऱ्या फळ्या) ० किंवा १० अंश. थ्रॉटल तीन-चार सेकंदांत हळूहळू पूर्ण करा आणि तो वाढत असतानाच उजवा रडर देत चला, नाक हलण्याची वाट न पाहता. १७२ एस या प्रकारात ५५ नॉटला दांडी हलकेच ओढा, नाक क्षितिजाच्या साधारण ७ ते १० अंश वर न्या आणि तिथेच थांबवा. मग ७४ नॉटच्या आसपास चढत राहा.

४५ नॉटला ओढून विमान उचलायचा मोह टाळा. जमिनीपासून पंखांच्या विस्ताराइतक्या उंचीत, म्हणजे सेसनाच्या बाबतीत सुमारे ११ मीटरपर्यंत, जमिनीच्या सान्निध्यामुळे विमान कमी वेगातही तरंगतं. त्याच्या वर गेलं की तो आधार संपतो, स्टॉलचा (पंखांची उचल तुटत आल्याचा) भोंगा वाजतो आणि बहुधा डावा पंख खाली जातो. लोक याला ‘विमान अचानक उलटलं’ म्हणतात. ते अचानक नसतं.

आणखी एक गोष्ट, जिच्याकडे फारसं कोणी बघत नाही. कॉकपिटमधून तुम्ही डाव्या खुर्चीत बसलेले असता. इंजिनाच्या झाकणाचा मध्य धावपट्टीच्या टोकावर धरलात तर विमानाचं तोंड प्रत्यक्षात डावीकडे वळलेलं असतं. तुमच्या डोळ्यांच्या थेट समोर झाकणावर जो बिंदू येतो, तोच धावपट्टीच्या दूरच्या टोकाशी जुळवायचा. नजरही त्या टोकावरच ठेवा. नाकासमोरची रेघ बघत राहिलात तर प्रत्येक लहान चूक मोठी दिसते आणि हात जास्त चालतो.

प्रश्न : माझ्याकडे जॉयस्टिक नाही, फक्त कीबोर्ड आहे. सरळ उडणं शक्य तरी आहे का?

शक्य आहे. कळ दाबून मात्र धरू नका. बऱ्याच सिम्युलेटरमध्ये रडरची कळ दाबली की रडर पायरीपायरीनं सरकतो आणि सोडल्यावर तिथेच राहतो. दाबून धरली की दोन सेकंदांत तो टोकाला जातो आणि परत आणायला तेवढाच वेळ लागतो. एक टिचकी द्या, परिणाम बघा, मगच दुसरी. फ्लाइटगियर या दुसऱ्या सिम्युलेटरमध्ये नंबरपॅडवरची ५ ही कळ रडर, एलेरॉन (पंखांवरच्या, विमान बाजूला कलवणाऱ्या फळ्या), एलेव्हेटर सगळं मध्यावर आणते. जुन्या फ्लाइट सिम्युलेटर एक्समध्येही हीच कळ एलेरॉन आणि रडर मध्यावर आणायची. ही कळ कुठे आहे ते बोटांना पाठ असू द्या.

मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्ये एफ-४ एका फटक्यात पूर्ण थ्रॉटल देतो, आणि कीबोर्डवाल्यांचे निम्मे अपघात तिथेच ठरतात. त्याऐवजी एफ-३ नं टप्प्याटप्प्यानं वाढवा. निम्म्या थ्रॉटलवर विमान ३० नॉटपर्यंत जाऊ द्या, सरळ चाललंय याची खात्री करा आणि मग उरलेला द्या. धावपट्टी थोडी जास्त लागेल, एवढंच. फ्लाइटगियरमध्ये टॅब दाबून माउसनं विमान चालवायची सोय आहे. त्यात माउसचं डावं बटण दाबून ठेवलं की रडर हलतो, आणि हा मार्ग कळांपेक्षा पुष्कळ बरा. साधा गेमपॅड असेल तर तोही चालेल; रडर त्याच्या खालच्या दोन ट्रिगरवर लावा, कारण ट्रिगर किती दाबलाय हे त्याला कळतं.

प्रश्न : जॉयस्टिकला हात न लावताही विमान एका बाजूला जातं. कधी पूर्ण थ्रॉटल देऊनही जागेवरून हलत नाही.

आधी विमान बदलून बघा. हवामान पूर्ण शांत ठेवा, वारा शून्य, आणि दोन इंजिनांचं जेट घ्या. जेटला पंख्याची डावी ओढ नसते. तेही हात न लावता एका बाजूला जात असेल तर दोष तुमच्या उपकरणात किंवा सेटिंगमध्ये आहे. जेट सरळ गेलं आणि सेसना डावीकडे, तर वरचं पहिलं उत्तर वाचा.

उपकरणात पहिला संशय पिळून फिरणाऱ्या जॉयस्टिकच्या रडरवर घ्यावा. दांडी किती फिरली ते मोजणारा पोटेन्शिओमीटर झिजला की मध्य हलतो किंवा आकडे थरथरतात. विंडोजच्या गेम कंट्रोलरच्या खिडकीत कॅलिब्रेशन पुन्हा करा, मग सिम्युलेटरमध्ये रडरला ५ ते १० टक्के मृत क्षेत्र (मध्याजवळचा, हललं तरी न मोजला जाणारा भाग) द्या. एलेरॉन आणि एलेव्हेटरला ३ ते ५ टक्के पुरतात. त्याहून जास्त दिलंत तर मध्याजवळ काहीच होत नाही आणि मग एकदम होतं. मध्याजवळची संवेदनशीलता कमी करायला मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्ये वक्र उणे ३० च्या आसपास ठेवतात, डीसीएस या लढाऊ विमानांच्या सिम्युलेटरमध्ये हेच काम अधिक १५ ते २० नं होतं. दोन्हीकडे चिन्ह उलटं आहे, त्यामुळे एकाचे आकडे दुसऱ्यात उतरवू नका. आणि वक्र फार खोल करू नका, कारण मध्याला जे मऊ केलं ते टोकाला तीव्र होतं.

दुसरा संशय दुहेरी जोडणीवर. थ्रॉटल, पेडल, जॉयस्टिक अशी दोन-तीन उपकरणं लावली की सिम्युलेटर प्रत्येकाला आपणहून रडर बहाल करतो. मग पेडल एक सांगतात, पिळणारी दांडी दुसरं. एक ठेवून बाकीच्या जोडण्या पुसा.

विमान हलतच नसेल किंवा एकाच चाकाभोवती फिरत असेल तर पायाच्या ब्रेकचा अक्ष उलटा लागलेला असतो : पेडल मोकळं असताना ब्रेक पूर्ण, दाबलं की मोकळा. सेटिंगमध्ये तो अक्ष उलटा करण्याची खूण असते, ती लावा. तरीही सुटलं नाही तर डाव्या-उजव्या टाकीतलं इंधन सारखं आहे का ते बघा. चित्र सेकंदाला वीस फ्रेमांच्या खाली जात असेल तर विमानतळावरची रहदारी आणि इमारतींचा तपशील कमी करा. डोळ्यांना उशिरा दिसलं की हात नेहमीच जास्त जातो.

प्रश्न : डीसीएसमध्ये पी-५१ मस्टँग आणि स्पिटफायर. दोन्ही धावपट्टीवर गरकन फिरतात आणि पंख टेकवतात. सेसना मात्र जमते.

सेसनाचं गुरुत्वकेंद्र मुख्य चाकांच्या पुढे असतं, म्हणून थोडं वळलं तरी ते आपणहून सरळ व्हायला बघतं. शेपटीला चाक असलेल्या विमानात ते मुख्य चाकांच्या मागे असतं. इथे वळण स्वतःच वाढत जातं. पाच अंशांपर्यंत सावरता येतं, वीस अंशांवर बहुधा नाही. तेव्हा सगळा खेळ पहिल्या दोन अंशांचा आहे.

मस्टँगमध्ये इंजिन वाढवण्याआधी रडर ट्रिम उजवीकडे ६ अंश लावा. दांडी मागे ओढून ठेवा : तिथे शेपटीचं चाक रडरशी जोडलेलं राहतं आणि दोन्ही बाजूंना ६ अंशच वळतं. दांडी पूर्ण पुढे ढकलली की ते सुटून मोकळं फिरतं, आणि गरकन फिरण्याचं हे सर्वांत नेहमीचं कारण आहे. थोडं सरळ पुढे जाऊन चाक सरळ करा. मॅनिफोल्ड दाब (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब, म्हणजे ताकदीचं माप) सावकाश ४० इंचांपर्यंत न्या. रडर पकड घेतोय असं जाणवलं की आणखी वाढवा. टेकऑफची पूर्ण ताकद ६१ इंच आणि मिनिटाला ३००० फेरे आहे, पण हलक्या विमानाला ती पूर्ण लागत नाही. ४५-५० इंचांवरही ते व्यवस्थित उडतं.

शेपूट उचलण्याची घाई नको. फिरता पंखा म्हणजे एक जड भोवराच. शेपूट वर आणताना त्याची चकती पुढे कलते आणि नाक डावीकडे फेकलं जातं. जितकी झटकन उचलाल तितका फटका मोठा. दांडी हळूहळू मध्याकडे सोडा, शेपूट स्वतःच हलकी होईल, आणि त्या सेकंदाला उजवा रडर तयार ठेवा. उजवीकडे थोडा एलेरॉनही द्या, कारण इतक्या ताकदीचं इंजिन डावा पंख खरोखर खाली दाबतं.

स्पिटफायरच्या शेपटीचं चाक मोकळं असतं, त्याला कुलूप नाही. मर्लिन इंजिनाच्या स्पिटफायरला रडर ट्रिम पूर्ण उजवीकडे ठेवा आणि बूस्ट (इथे तोच हवेचा दाब) अधिक ७-८ च्या पुढे नेऊ नका. अवघड जागेवरून उडायचं नसेल तर तेवढं पुरतं. शेपूट उचलताना दांडी फार पुढे गेली तर पंख्याची टोकं जमिनीला लागतात. ग्रिफन इंजिनाच्या स्पिटफायरचा पंखा उलटा फिरतो, तो विमानाला उजवीकडे नेतो. मर्लिनची सवय पायात ठेवून ग्रिफन उडवलात तर पहिलं उड्डाण गवतातच संपेल.

मेसरश्मिट १०९ घेणार असाल तर शेपटीच्या चाकाचं कुलूप तरफेनं लावावं लागतं, ते विसरू नका. डीसीएसच्या विशेष पर्यायांत या विमानांसाठी टेकऑफ साहाय्याची पट्टी असते. ती १०० वर ठेवून सुरुवात करा आणि दर काही उड्डाणांनी २० नं कमी करा. शून्यावरून सुरुवात करण्यात फुशारकीशिवाय काही नाही.

प्रश्न : आडवा वारा असला की विमान वाऱ्याकडे तोंड वळवतं आणि एक पंख उचलला जातो.

शेपटीचा उभा पंख वाऱ्याला मोठा पृष्ठभाग देतो, म्हणून नाक वाऱ्याकडे वळतं. वाऱ्याच्या बाजूच्या पंखाखाली हवा शिरते, म्हणून तो उचलला जातो. उपाय दोन भागांचा : एलेरॉन वाऱ्याच्या बाजूला, रडर उलट्या बाजूला. सुरुवातीला एलेरॉन पूर्ण टोकाला ठेवा, कारण कमी वेगात त्याला ताकदच नसते. वेग वाढेल तसा कमी करत या आणि चाकं सुटताना थोडासा शिल्लक ठेवा.

किती आडवा वारा आहे ते आधी काढा. धावपट्टी २७ आणि वारा ३०० अंशांवरून २० नॉट असेल तर फरक ३० अंश, म्हणजे आडवा भाग निम्मा, १० नॉट. फरक ४५ अंश असेल तर ०.७ नं गुणा, ६० अंशांना जवळजवळ ०.९ नं. सेसना १७२ एस साठी चाचणीत दाखवलेला आडवा वारा १५ नॉट आहे. सराव ५ नॉटपासून, झुळका शून्यावर ठेवून करा. आधी उजवीकडचा वारा घ्या, तो पंख्याच्या डाव्या ओढीला थोडा तोडतो. डावीकडचा वारा त्या ओढीत भर घालतो.

अशा वाऱ्यात नेहमीपेक्षा पाचेक नॉट जास्त वेगानं उचला, म्हणजे विमान एकदाच सुटतं. अर्धवट उचलून परत टेकलं तर ते तिरकं टेकतं आणि चाकांवर आडवा ताण येतो. हवेत गेल्यावर रडर सोडा, पंख सपाट करा आणि नाक वाऱ्याकडे थोडं वळू द्या.

प्रश्न : बोइंग ७३७-८०० मध्ये कधी शेपूट घासते, कधी नाक उचलल्यावर वर-खाली होत राहतं. एअरबस ए३२० मध्ये वेगळं काही करायचं का?

७३७ चं स्थैर्य धावपट्टीवर येण्याआधी ठरतं. वजन आणि गुरुत्वकेंद्र विमानाच्या संगणकात भरा, तो ट्रिमचा आकडा देतो. ट्रिमचं चाक त्या आकड्यावर आणा. तो हिरव्या पट्ट्यात असलाच पाहिजे, पण नुसतं पट्ट्यात असणं पुरेसं नाही. मागच्या उड्डाणाचा ट्रिम तसाच राहिला तर एक तर नाक उचलतच नाही, नाहीतर आपणहून उसळतं.

थ्रॉटल आधी ४० टक्के एन-१ (इंजिनाच्या पुढच्या पंख्याची गती) वर आणून दोन्ही इंजिनं सारखी होईपर्यंत थांबा, मग टोगा (टेकऑफची ताकद लावणारं बटण) दाबा. मंद गतीवरून दोन्ही इंजिनं एकाच वेळी वर येत नाहीत, आणि एक आधी आलं की विमान दुसऱ्याच्या बाजूला वळतं. हाताचं वळणचाक टॅक्सीपुरतं. ते पुढचं चाक ७८ अंशांपर्यंत फिरवतं, तर पेडल फक्त ७ अंश. जॉयस्टिकचा पिळणारा अक्ष चुकून वळणचाकाला जोडला असेल तर १०० नॉटला विमान माशासारखं शेपूट हलवेल. ८० नॉटपर्यंत दांडी किंचित पुढे दाबलेली ठेवा, म्हणजे पुढचं चाक पकड सोडत नाही.

रोटेटची (नाक उचलण्याची) हाक आली की सेकंदाला २ ते २.५ अंश या गतीनं नाक वर न्या. ८-९ अंशांवर चाकं सुटतात, साधारण चार सेकंदांत. शेपूट ११ अंशांवर लागते. म्हणजे मधे फक्त दोन-तीन अंशांची जागा आहे, आणि घाईनं ओढणारा ती अर्ध्या सेकंदात खातो. चाकं सुटल्यावर त्याच गतीनं १५ अंशांपर्यंत जा. नाक वर-खाली होतं ते बहुतेक वेळा चढण्याच्या गतीचा काटा बघून दांडी हलवल्यामुळे. तो काटा मागून येतो. नाकाचा कोन धरा, काटा आपोआप येईल. वेग व्ही-टू (टेकऑफनंतरचा किमान सुरक्षित वेग) अधिक २० नॉटच्या आसपास राहिला पाहिजे.

ए३२० मध्ये सीएफएम कंपनीची इंजिनं असतील तर ५० टक्के एन-१ वर स्थिर करा. साइडस्टिक (बाजूची दांडी) ८० नॉटपर्यंत निम्मी पुढे, मग १०० नॉटपर्यंत हळूहळू मध्यावर. नाक सेकंदाला ३ अंशांनी. हवेत गेल्यावर दांडी सोडली की विमान तो कोन स्वतः धरतं आणि ट्रिमही तेच करतं. ७३७ सारखी दांडी ओढून धरलीत तर नाक चढतच राहील.

प्रश्न : कर्बल स्पेस प्रोग्राम या यानं बनवून उडवण्याच्या खेळात स्वतः बनवलेलं विमान ६०-७० मीटर प्रति सेकंदाला भेलकांडतं.

चाकं बघा. गोल किंवा निमुळत्या धडावर चाक बसवलं की ते तिरकं बसतं. फिरवण्याच्या साधनात एफ दाबून निरपेक्ष मोड घ्या, सी नं कोनांचे टप्पे लावा आणि चाक जमिनीला काटकोनात, पुढच्या दिशेला समांतर करा. लवचिक पंखाच्या टोकाला चाक लावू नका, भार आला की ते वाकतं. मुख्य चाकं गुरुत्वकेंद्राच्या जरासंच मागे हवीत; फार मागे असली तर नाक उचलतच नाही. पुढच्या चाकाचा ब्रेक बंद, घर्षण कमी, आणि मागच्या चाकांचं वळणं बंद. उड्डाणबळाचा निळा गोळा गुरुत्वकेंद्राच्या पिवळ्या गोळ्याच्या मागेच आहे का, हे टाक्या रिकाम्या करूनही तपासा. धावताना कॅप्स लॉक लावून सूक्ष्म नियंत्रण घ्या.

प्रश्न : टेकऑफनंतर लगेच ऑटोपायलट लावला की विमान नाक खाली घालतं किंवा वळतं.

तो तुम्ही आधी भरलेल्या आकड्यांच्या मागे जातो. दिशेची खूण धावपट्टीच्या दिशेवर आणि उंची निदान काही हजार फुटांवर जमिनीवर असतानाच लावा. ७३७ मध्ये ४०० फुटांच्या आत आणि ए३२० मध्ये १०० फुटांच्या आत लावू नका. लावण्याआधी विमान ट्रिम करून दांडीवरचा जोर काढा, आणि लावल्यावर जॉयस्टिकवरून हात उचला; काही विमानांत ती थोडी हलली तरी ऑटोपायलट सुटतो आणि ते कळायच्या आत नाक खाली गेलेलं असतं.